परकेपणाचे मूळ कोठे?

वारणा खोऱ्यातील एखादा मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली की साऱ्या गावाला अभिमान वाटतो. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी साखर कारखान्याने ज्या माळरानाचे रूप पालटले, त्या वारणानगरात १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. उसाच्या उत्पन्नावर शिकलेल्या पिढीने पुढे जर्मनी-अमेरिकेची वाट धरावी, हे त्या वाटचालीला साजेसेच आहे. परंतु निरोपाचे हार सुकल्यावर या विद्यार्थ्याचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. परक्या मुलखात त्याला जाणवणारा एकटेपणा हा मनाचा दुबळेपणा समजून आपण मोकळे होतो. हे निदान तपासून पाहिले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. देश, भाषा, अन्न सारेच नवे होते. तरीही परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ती जाणीव परत आली ती १९१७ साली, बडोद्यात. संस्थानचा हा उच्चविद्याविभूषित अधिकारी राहण्यासाठी जागा शोधत हिंडला. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला तेथूनही निघून जाण्यास फर्मावले. तात्पर्य, परकेपण मैलांनी मोजता येत नाही. दार कोण उघडतो आणि कोण लावून घेतो, यावर ते ठरते.

दाराइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. १९२० साली ते पुन्हा तेथे गेले, ते प्राध्यापकीतील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारावर. आजच्या विद्यार्थ्याच्या मागेही कर्जच असते. १९९० साली सुमारे साडेसतरा रुपयांना मिळणारा डॉलर आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. कर्ज रुपयांत, खर्च डॉलरांत, आणि अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला फार तर २० तास काम करण्याची मुभा! सहाध्यायी चहापानाला निघाले असता जो मनातल्या मनात हिशेब करतो, तो त्यांच्यात मिसळणार कसा? त्याच्या अबोलपणाचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून खिशात असते.

यावरील उपाय कोल्हापूरला नवा नाही. खेड्यातील मुलाला शहरही परदेशच वाटते, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंगला आश्रय दिला. त्यांनी मुलांना धीराचा उपदेश केला नाही. डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात ताट दिले. मन रमले ते त्यानंतर.

सहकाराची परंपरा सांगणाऱ्या वारणेने हेच सूत्र पुढे नेण्यास हरकत कोणती? महाविद्यालयाने परदेशातील माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी. नव्याने जाणाऱ्याला पहिल्या महिन्यापुरता निवारा आणि ओळखीचा माणूस मिळवून द्यावा. पतसंस्थांनी अडचणीच्या वेळेसाठी बिनव्याजी निधी उभारावा. रक्कम मोठी लागणार नाही, इच्छा मात्र हवी.

त्याचबरोबर आणखी एक पथ्य आवश्यक आहे. आपल्या गावी शिकायला येणाऱ्या परप्रांतीय वा दलित विद्यार्थ्याला खोली देण्यापूर्वी आडनाव विचारण्याची रीत आपल्याकडे अद्याप संपलेली नाही. परदेशात आपल्या मुलांसाठी दारे उघडावीत असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घराची कडी काढावी, हे ओघानेच आले.