खाऱ्या पाण्यातला मासा खात नसेल, तर आधी पाणी तपासा

वर्धा जिल्ह्यातले देवळी समुद्रापासून दूर, त्यामुळे इथल्या खाऱ्या टाकीचे पाणी मीठमिश्रणातून बनते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमही. म्हणून नुसते स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाणी उडते, क्षार मागे राहतात, खारटपणा वाढतो; तापल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. त्यामुळे खाद्य बदलण्याआधी तापमान (२४ ते २७ अंश), क्षारता आणि अमोनिया (शून्यच हवा) पाहावा. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्याने नव्हे.

मासा मुळात लाजाळू, लपायला दगड दिले की पुरे, असा आक्षेप येतो. नव्या माशाबाबत तो बराचसा खरा. नवखा मासा काही दिवस दडून राहतोच. पण खाणारा मासा अचानक थांबला, तर नुसता लाजाळूपणा हे कारण पुरत नाही. पाणी ठीक निघाले, तर दांडगा सोबती वेगळा करावा, दिवा मंद ठेवावा, जिवंत आर्टेमिया द्यावा. काही माशांना जिवंत खाद्यच लागते: मँडरिन मासा कोपेपॉड हे बारीक जिवंत जीव टिपून जगतो. कोरड्या दाण्यांना सहसा तोंड लावत नाही. उरलेले खाद्य लगेच काढावे. ते कुजले की अमोनिया वाढतो.