पेशीकेंद्रातील दुरुस्ती

कर्करोगाच्या गाठीवर किरणोपचार करताना रुग्णाला दररोज सामान्यतः २ ग्रे इतकी मात्रा देण्यात येते. त्यांपैकी केवळ १ ग्रे जरी हिशेबात धरली, तरी किरणांच्या वाटेत आलेल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा एकच पेड तुटण्याच्या सुमारे १,००० आणि दोन्ही पेड एकाच जागी तुटण्याच्या सुमारे ३५ ते ४० घटना घडतात. पहिल्या प्रकारच्या जखमेची पेशीला फारशी क्षिती नसते, कारण शाबूत राहिलेला पेड समोर ठेवून तुटलेला पेड जसाच्या तसा पुन्हा रचता येतो. दुसरा प्रकार मात्र प्राणांवर बेतणारा, कारण तेथे दाखल्यासाठी पाहावे असे काही जवळ उरत नाही, आणि सुटलेली टोके भलत्याच टोकांशी जोडली गेली, तर त्यातून पुढे कर्करोगच उद्भवण्याचा संभव असतो.

ही दुरुस्ती कोणकोणत्या रासायनिक क्रियांनी होते याचा तपास रसायनशास्त्राने फार पूर्वीच सुरू केला होता, आणि डीएनए-दुरुस्तीच्या अशाच संशोधनाबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांना २०१५ चे नोबेल पारितोषिकही लाभले. परंतु लक्षावधी पेशींच्या अर्कातून मिळणारे उत्तर हे नेहमी सरासरीचे असते. एका विशिष्ट पेशीत, एका विशिष्ट जागी, अमुक क्षणी काय चालले आहे, हे त्यातून कळत नाही. ते डोळ्यांनी पाहावे म्हटले, तर एर्न्स्ट आबे याने १८७३ साली दाखवून दिलेली मर्यादा आड येते: साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, आणि डीएनएच्या सर्पिलाची जाडी तर अवघी २ नॅनोमीटर.

या पेचातून वाट काढून दिली ती पेशीनेच. अमेरिकेत बेथेस्डा येथे विल्यम बॉनर, एमी रोगाकू आणि त्यांचे सहकारी यांना १९९८ साली असे आढळले, की दुहेरी तूट होताच काही मिनिटांत, तिच्या दोन्ही अंगांना लाखो अक्षरांच्या पल्ल्यापर्यंत, ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांपैकी एचटूएएक्स या प्रथिनावर फॉस्फेटची खूण केली जाते. तूट एकच, पण तिची वर्दी देणाऱ्या खुणा शेकडो-हजारो. त्यांना चिकटणारे, प्रकाश देणारे प्रतिपिंड सोडले, की जे स्वतः कधीच दिसणे शक्य नव्हते त्याचे स्थान एका ठळक ठिपक्याच्या रूपाने प्रकट होते. हे ठिपके साधारण अर्ध्या तासात सर्वाधिक होतात, मग तासातासाने कमी होत जातात, आणि दुसऱ्या दिवशीही जे मागे उरतात ते बहुधा न जुळलेल्या तुटींचे निदर्शक असतात. ठिपका म्हणजे प्रत्यक्ष तूट नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

पुढचा प्रश्न असा, की तुटलेली टोके पेशीकेंद्रात भटकतात की जागच्या जागी राहतात? जर्मनीतील डार्मस्टाट येथे, जेथील त्वरकातून निघालेल्या कार्बन-आयनांनी १९९७ पासून काही वर्षे कर्करुग्णांवर उपचारही झाले, त्याच ठिकाणी संशोधकांनी आयनांच्या झोताच्या मार्गातच सूक्ष्मदर्शक बसविला आणि जिवंत पेशींतील प्रथिनांना प्रकाशमान करून आघातानंतरचा काळ सलग न्याहाळला. जड आयन जेथून जातो तेथे ठिपक्यांची सरळ रांग उमटते; ती रांग थोडीशी हलली, पण पुष्कळ वेळाने पाहिले तरी मोडलेली नव्हती. मला या शोधाचे महत्त्व फार वाटते, कारण टोके फारशी हलत नाहीत म्हटल्यावर चुकीची जोडणी कोणत्या शेजाऱ्यांत होण्याचा धोका अधिक, याचा विचार करण्यास आधार मिळाला.

टोकांभोवतीचा हा बंदोबस्त कसा असतो हे दिसण्यासाठी मात्र आबेची मर्यादा ओलांडणे भाग होते. स्टेफान हेल, एरिक बेत्सिग व विल्यम मर्नर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या युक्त्यांनी ते साधले. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१९ साली हेलच्या पद्धतीचा आश्रय केला, तेव्हा एरवी एकसंध भासणारा ठिपका अनेक सूक्ष्म कणांचा असून ते कण वर्तुळाकार मांडलेले असल्याचे दिसून आले. मोडलेल्या हाडाला खपच्या बांधाव्यात तशी ५३बीपी१ आणि रिफ१ ही प्रथिने तुटीच्या आसपासची रचना धरून ठेवतात. ती नसली, तर ती रचना सैल पडते आणि टोके प्रमाणाबाहेर कातरली जातात.

अल्प मात्रेचा प्रश्न याहून नाजूक आहे. १ मिलिग्रे क्ष-किरणांनी पंचवीस-तीस पेशींमागे जेमतेम एक दुहेरी तूट व्हावी, तरीही काई रोथकाम व मार्कुस लोब्रिख यांनी २००३ साली ती मोजून दाखविली, आणि विभाजन न होणाऱ्या पेशींत अशा तुटी कित्येक दिवस न जुळता राहतात असे नोंदविले. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम असल्यामुळे तेथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अधिक किरणोत्सर्गात राहत आली आहेत; तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यांच्या रक्तातील पेशी याच ठिपक्यांच्या साहाय्याने तपासल्या, तेव्हा सामान्य प्रदेशातील माणसांच्या मानाने दुहेरी तुटी अधिक आढळल्या नाहीत.