चिपवरील वेटोळे आणि त्याखालची छेदलेली ढाल

गावाच्या वेशीवर उभे असलेले विजेचे रोहित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. दुरुस्तीसाठी ते उघडले म्हणजे आतील लोखंडी गाभा अखंड नसून पातळ पत्र्यांची चवड रचून केलेला आहे, हे ध्यानात येते. यामागे निश्चित हेतू आहे. बदलते चुंबकीय क्षेत्र धातूतून गेले की त्या धातूत पाण्यातील भोवऱ्यांसारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. ते कोणतेही उपयुक्त कार्य करीत नाहीत, केवळ गाभा तापवितात. पत्रे एकमेकांपासून विलग ठेवले की या भोवऱ्यांना फिरावयास जागा उरत नाही. शतकाहून अधिक काळ वापरात असलेली हीच युक्ती आज भ्रमणध्वनीच्या चिपमध्ये, खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशा वेटोळ्याखाली योजिली जाते.

बिनतारी संदेश घेणाऱ्या उपकरणास असंख्य लहरींतून आपल्याला हवी तेवढीच वारंवारता निवडावी लागते. जुन्या रेडिओत हे कार्य तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि धारित्र मिळून करीत. चिपमध्ये तेच वेटोळे धातूच्या सपाट पट्टीचे, चकलीसारखे, काढलेले असते. त्याची रुंदी बहुधा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. त्याखाली काही मायक्रॉन जाडीचा विद्युत्‌रोधक ऑक्साइडचा थर आणि त्याखाली सिलिकॉनचा तळ असतो. सिलिकॉनवर अशी वेटोळी करण्यात अर्थ नाही, असा समज दीर्घकाळ होता. १९९० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील न्गुयेन आणि मेयर यांनी ती करून दाखविली.

अडचण तळाची होती. सिलिकॉन हा धड संवाहक नव्हे, धड रोधकही नव्हे. वेटोळ्याचे विद्युत् क्षेत्र ऑक्साइड ओलांडून त्यात उतरते, तेथे प्रवाह वाहतो आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वेटोळे किती ऊर्जा साठविते आणि प्रत्येक आवर्तनात किती गमाविते, यांच्या प्रमाणास गुणांक म्हणतात. चिपवरील साध्या वेटोळ्याचा गुणांक पाच ते दहाच्या घरात राहतो. तो जितका कमी, तितकी लहरींची निवड ढोबळ आणि तितकीच विजेरीवरील मागणी अधिक. मनोऱ्यापासून दूर असलेल्या वाडीवस्तीवर जेथे संदेश मुळातच क्षीण, तेथे ही हानी अधिक जाणवते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे वेटोळे आणि सिलिकॉन यांच्यामध्ये धातूचा पत्रा घालून तो भूमीशी जोडणे. विद्युत् क्षेत्र पत्र्यावरच थांबते, सिलिकॉनपर्यंत पोहोचत नाही. परंतु अखंड पत्रा स्वतःच भोवऱ्यांचे घर होतो. वेटोळ्यातील प्रवाहाच्या उलट दिशेने पत्र्यात प्रवाह फिरू लागतो, तो मूळ चुंबकीय क्षेत्रास विरोध करतो आणि वेटोळ्याचे प्रवर्तनच घटते. म्हणजे घर राखावयास ठेवलेल्या रखवालदारानेच घर लुटावे, तसा प्रकार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक यू आणि सायमन वाँग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या पत्र्याला चिरा पाडल्या. चिरा वेटोळ्यातील प्रवाहाच्या दिशेला काटकोनात असतात, त्यामुळे भोवऱ्यांची वाट तुटते, आणि त्या इतक्या अरुंद असतात की विद्युत् क्षेत्र त्यांतून खाली झिरपू नये. ही ढाल फणीसारखी दिसते. फणीचे दात कडेला जोडून भूमीस न्यावे लागतात, पण ही जोडणी पूर्ण कडे होता कामा नये. कडे पूर्ण झाले की त्यातूनच प्रवाह फिरू लागतो आणि सारे चिरणे व्यर्थ जाते. एका ठिकाणी कडे तोडणे ही क्षुल्लक वाटणारी बाब येथे निर्णायक आहे. ढालीसाठी पॉलिसिलिकॉनचा थर सोयीचा पडतो, कारण तो वेटोळ्यापासून सर्वांत दूर असतो आणि नको असलेली धारकता कमी वाढते. १ ते २ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांना गुणांकात ३३ टक्क्यांपर्यंत वाढ मिळाली. शेजारच्या वेटोळ्याकडे तळातून होणारी गळती २५ डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने सुमारे तीनशेपट, घटली.

शाळेत हे तत्त्व दाखविणे कठीण नाही. तांब्याच्या नळीतून लोहचुंबक सोडला तर तो रेंगाळत खाली येतो. तशाच नळीला उभी चीर पाडली तर तो लवकर येतो.

चिप घडून येण्यास महिने लागतात, आणि घडलेल्या चिपमधील चीर मागाहून बदलता येत नाही. म्हणून आराखड्याची परीक्षा आधी संगणकावर होते. वेटोळे, ऑक्साइड, ढाल आणि तळ यांचे लहान लहान घरांत विभाजन करून प्रत्येक घरात मॅक्सवेलची समीकरणे सोडविली जातात. 'ओपनईएमएस' ही जर्मनीत विकसित झालेली विनामूल्य आज्ञावली हे काम काळाचे टप्पे करून करते, आणि टप्पा किती लहान घ्यावयाचा हे सर्वांत लहान घर ठरविते. चिरेसाठी घराची बाजू अर्धा मायक्रॉन घेतली तर टप्पा साधारण एक फेम्टोसेकंदाचा होतो, म्हणजे २ गिगाहर्ट्झच्या एका आवर्तनास सुमारे पाच लाख टप्पे. वेळ वाचविण्यासाठी घरे मोठी केली तर चिरा गणितात बुजतात आणि छेदलेली ढाल अखंड पत्र्यासारखी वागू लागते.

म्हणून अनुभवी अभियंता एकच उत्तर प्रमाण मानीत नाही. तो ढालीविना, अखंड ढालीसह आणि छेदलेल्या ढालीसह अशी तीन गणिते करतो. अखंड ढालीने प्रवर्तन घटलेले दिसले नाही तर दोष मांडणीत आहे. छेदलेल्या ढालीनेही ते बरेच घटले तर कोठेतरी कडे पूर्ण झाले असावे, किंवा घरे मोठी पडली असावीत. घरे निम्मी करून उत्तर टिकते की नाही, हेही पाहावे लागते. भूमीची जोडणी संगणकावर निर्दोष मानण्याची चूक फार होते. प्रत्यक्षात ती एक बारीक पट्टी असते आणि तिला स्वतःचा रोध असतो.

ढाल सर्वत्र लाभते असेही नाही. तिच्यामुळे धारकता वाढते आणि वेटोळे ज्या वारंवारतेपर्यंत उपयोगी पडते ती मर्यादा खाली येते. शिवाय चिरा चुंबकीय क्षेत्रास अडवीत नाहीत. तळ अधिक संवाहक सिलिकॉनचा असेल तर भोवरे तळातच फिरतात, आणि तेथे फणी घालूनही हाती फारसे काही लागत नाही.