शिट्टी गळ्यात घालण्याआधी

शाळेच्या स्काऊट-गाईड शिबिराला ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणून मदतीला जाताय? नुसता तंबू ठोकता येणं पुरेसं नाही.

हिवाळा आला, की गावाकडच्या शाळांमधून माजी विद्यार्थ्यांना फोन जायला लागतात. स्काऊट-गाईडचं शिबिर आहे, दोन दिवस मदतीला येशील का? कॉलेजमधला, सुट्टीत घरी आलेला एखादा जुना स्काऊट लगेच हो म्हणतो. कपाटातला स्कार्फ शोधतो, वॉगल सापडत नाही म्हणून आईशी भांडतो आणि मैदानावर हजर होतो. काल-परवापर्यंत ज्याला सगळे नावाने हाक मारायचे, तो इथे पोचताक्षणी ‘दादा’ होतो. सहावीतली पोरं त्याच्यामागे फिरतात, त्याच्यासारखी टोपी तिरकी घालतात. भारी वाटतं, खोटं कशाला बोला!

पण त्या क्षणापासून आपण मोठ्यांच्या बाजूला गेलेलो असतो, हे कुणी सांगत नाही. सरांनी हातात शिट्टी दिली म्हणजे चाळीस पोरांचा जीवही थोडाफार आपल्या हातात दिलेला असतो.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही आपली संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला स्थापन झाली. तिच्यात तरुणांसाठी रोव्हर आणि तरुणींसाठी रेंजर असे विभाग आहेत, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. म्हणजे विशीतला माणूस इथे अर्धा विद्यार्थी आणि अर्धा कार्यकर्ता. ही मधली जागाच अवघड आहे. मुलांना तो मित्र वाटतो आणि पालकांना तो सरांचा माणूस वाटतो.

आता कामाचं स्वरूप. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. २० मुलं, चार संघ आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. आजही पथकाची रचना तीच आहे: लहान संघ, संघनायक आणि त्या नायकांनी मास्तरांसोबत बसून घेतलेले निर्णय. मुलांनी करायचं आणि मोठ्यांनी बघायचं, अशी ही पद्धत. ऐकायला सोपं वाटतं. बिनभांड्याच्या स्वयंपाकाला उभे राहून बघा एकदा. काठीला गुंडाळलेली कणीक एका बाजूने कोळसा झालीय, दुसऱ्या बाजूने कच्ची आहे, आणि आपले हात नुसते शिवशिवतायत. तिथे गप्प बसायचं. कणीक जळली तर जळू द्यायची, पोरं ती हसत खातात. पण चूल वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, आजूबाजूचं वाळलेलं गवत काढलंय का, पाण्याची बादली भरून ठेवलीय का, हे संघनायकावर सोडायचं नाही. ते आपलं काम. खाऊन निभावता येणाऱ्या चुका मुलांच्या. ज्या निस्तरता येत नाहीत, त्या व्हायच्या आधी थांबवणं हे मोठ्यांकडे.

पाऊस नाही, तरी पाणी वाढतं

हा फरक समजून घ्यायला अलोरेसारखं गाव नाही. चिपळूणहून कराडकडे निघालं, की कुंभार्ली घाट चढण्याआधी हा पट्टा लागतो. अलोरे, शिरगाव, पोफळी, कोळकेवाडी. कोयना प्रकल्पामुळे वसलेल्या वसाहती, मागे सह्याद्रीची भिंत, झाडी, मोकळी मैदानं. शिबिरासाठी कुणालाही मोहात पाडेल अशी जागा.

आता इथलं पाणी बघा. कोयनेचं पाणी डोंगराच्या पलीकडून बोगद्यांतून खाली येतं, पोफळीला वीज तयार करतं, मग कोळकेवाडीच्या धरणात साठतं. तिथून पुन्हा वीज करून ते वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. या सोडलेल्या पाण्याला इथे अवजल म्हणतात. विजेची मागणी वाढली की संच चालू होतात, संच चालू झाले की अवजलाचा प्रवाह वाढतो. म्हणजे जानेवारीतली स्वच्छ दुपार आहे, आभाळात ढग नाही, नदीत दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येतंय, आणि तासाभरात तेच दगड पाण्याखाली. स्थानिक माणसाला हे लहानपणापासून माहीत असतं. बाहेरून शिबिराला आलेल्या पथकाला आणि पुण्यात शिकून आलेल्या दादाला ते माहीत असेलच असं नाही.

मुलांना मात्र नदी दिसली की उतरायचंच असतं. ‘फक्त पाय बुडवतो ना, दादा!’ या वाक्याला विरघळायचं नाही. जागा ठरवण्याआधी गावातल्या माणसाला घेऊन काठावरून फिरून यायचं, पाणी कधी वाढतं ते विचारायचं, आणि वेळापत्रकात नदी नसेल तर नदी नाही.

मोठी माणसं सोबत असली की झालं, असं आपल्याला वाटतं. १९१२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातलं एक स्काऊट पथक बोटीने शिबिराला निघालं होतं. लेसडाऊनच्या किनाऱ्याजवळ आल्यावर वाऱ्याच्या झोताने बोट उलटली आणि नऊ मुलं गेली. बोटीवर मोठी माणसं होती. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी बुडाले. ते तर लहानही नव्हते. तुमच्या-माझ्या वयाचे होते.

संमतीपत्रावरचा मुंबईचा नंबर

शिबिराची निम्मी सुरक्षा कागदावर असते, आणि कागद म्हटलं की आपल्याला झोप येते. तरी एक कोकणातली गोष्ट सांगायलाच हवी. इथे कितीतरी मुलांचे वडील मुंबईला असतात, कधी आईसुद्धा, आणि मूल आजी-आजोबांकडे. संमतीपत्रावर ‘पालकांचा मोबाईल’ या रकान्यात नंबर येतो तो वडिलांचा, कांदिवलीचा नाहीतर विरारचा. रात्री दोनला पोरीच्या पोटात दुखायला लागलं तर विरारला फोन करून वडिलांची झोप उडवण्यापलीकडे काय होणार? म्हणून दुसरा रकाना हवा: अर्ध्या तासात पोचू शकेल असा जवळचा माणूस. काका, शेजारी, वाडीतला रिक्षावाला, कुणीही चालेल, पण पालकांनी सांगितलेला.

त्याच कागदावर आजारांची माहिती हवी. दमा आहे का, फिट येते का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं नवीन नाही. त्यामुळे रात्री चप्पल-बूट झटकून घालणं, बॅटरीशिवाय तंबूबाहेर न पडणं हे पहिल्याच दिवशी मुलांकडून करून घ्यायचं. चावलंच तर चिरा-बिरा न देता, मुलाला चालायला न लावता थेट दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन लागतो का, म्हणजे त्या जागेवर रेंज तरी आहे का, हे मुलं यायच्या आधी बघून ठेवायचं. चिपळूण तालुक्यात कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. शिबिराच्या जागेपासून तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कुणाची, हे दोन प्रश्न पहिल्या बैठकीतच सुटलेले हवेत.

आणखी एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते. दहा-अकरा वर्षांचं मूल पहिल्यांदा घराबाहेर झोपतं आणि सकाळी अंथरूण ओलं असतं. हे होतं. अशा वेळी दादाने काय करावं? बाकीची पोरं व्यायामाला गेली की गुपचूप सतरंजी उन्हात टाकावी, मुलाला कपडे बदलायला सांगावं आणि विषय संपवावा. त्याच्यावर एक विनोद झाला, तर ते मूल परत कधी शिबिराला येणार नाही.

विनोदांवरून आठवलं, शिक्षा. मैदानाला दहा चकरा, उन्हात उभं राहणं, कोंबडा. नव्या दादांना याची फार हौस, कारण ‘आम्हालाही केलं होतं’. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. स्काऊटचा गणवेश घातला म्हणून शाळेतलं मूल त्या कायद्याबाहेर जात नाही.

एकट्याने नाही

आता जे बोलायला अवघड आहे ते. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कारण काय, तर पथकांमधल्या मोठ्या माणसांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराचे दावे. त्या प्रकरणात ८२ हजारांहून जास्त जणांनी दावे दाखल केले. कितीतरी जण तोवर म्हातारे झाले होते. काम करण्यास अपात्र ठरवलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त फायली संघटनेकडे अनेक दशकं होत्या. कोर्टाच्या आदेशाने त्यातल्या बऱ्याच २०१२ मध्ये उघड झाल्या. कार्यालयात माहिती होती, पालकांना नव्हती.

हे वाचून स्काऊटिंगच वाईट, असं म्हणायचं नाहीये. मुलांची आवड असलेली माणसं जिथे येतात, तिथे मुलांच्या जवळ जायचं निमित्त शोधणारी माणसंही येतात, मग तो क्लास असो, खेळाचं मैदान असो नाहीतर देऊळ. म्हणून जगभरच्या पथकांनी एक साधा नियम धरलाय: कुठल्याही मोठ्याने कुठल्याही मुलासोबत एकटं राहायचं नाही. शिबिराला कमीत कमी दोन मोठी माणसं. मुली असतील तर बाई असल्याच पाहिजेत, ‘गाईडच्या मॅडम आजारी आहेत, सर नेतील’ हे चालत नाही. मुलांच्या तंबूत मोठ्यांनी झोपायचं नाही. मुलाशी खासगीत बोलायचंय? बोला ना, मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘म्हणजे माझ्यावर संशय घेता का?’ गावात तर जास्तच, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. सर अमक्याचे काका असतात, दादा तमक्याचा भाऊ. मला वाटतं, नियम सगळ्यांना सारखा लावला की संशयाचा प्रश्नच उरत नाही. मुख्याध्यापकांनाही तोच आणि काल आलेल्या रोव्हरलाही तोच. चांगल्या माणसाचं त्यात काही जात नाही. उलट त्याच्यावर खोटा आळ यायची वेळ येत नाही.

आणि मुलांचं काय? स्काऊटच्या नियमांत शिस्त आहे. शिट्टी वाजली की धावत यायचं, सलामी द्यायची, सांगितलेलं ऐकायचं. ज्या मुलाला आपण इतकं ऐकायला शिकवतो, त्यालाच कधी ऐकायचं नाही हेही आपणच सांगायला नको का? ‘कुणी मोठा माणूस म्हणाला की हे घरी सांगू नकोस, तर तेच आधी घरी सांगायचं.’ हे एक वाक्य पहिल्या दिवशी झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर बोलून टाकलं, तर दादा-सरांनाही ते ऐकू जातं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर तिथेच पाठ करून घ्यायचा. गाठी पाठ होतात, नंबर का नाही होणार?

एखादं मूल खरंच येऊन काही बोललं तर? इथे कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने कळवणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षण आहे. ‘आधी खात्री करून घेऊ’, ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘आपसात मिटवू’ या तीन वाक्यांना कायद्यात जागा नाही. खात्री करणं हे पोलिसांचं काम. आपण मुलाचं ऐकायचं, खोदून-खोदून विचारायचं नाही, ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणायचं. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही.

फोटो, मेसेज आणि भेळ

आपल्या पिढीची खास भानगड म्हणजे मोबाईल. शिबिर संपतं आणि रात्री आठवीतल्या मुलीचा मेसेज येतो, ‘हाय दादा’. वाईट काहीच नाही. तरी उत्तर तिथे द्यायचं नाही. पालक आणि शिक्षक असलेल्या ग्रुपवरच बोलायचं. फोटोंचंही तसंच. नदीकाठी कपडे बदलतानाचे, झोपलेल्या पोरांचे ‘फनी’ फोटो काढायचेच नाहीत, आणि काढलेले चांगले फोटोही पालकांना विचारल्याशिवाय स्टोरीला टाकायचे नाहीत.

पैशांची गोष्ट छोटी आहे पण मुलं ती विसरत नाहीत. ‘खरी कमाई’च्या दिवशी स्टॉल लागतात, भेळ आणि सरबत खपतं. अर्ध्या घरांत भेळ आईच करून देते, मुलगा फक्त विकतो, ते सोडून देऊ. पण संध्याकाळी हिशेब कोण करतं? मोठ्यांनी गल्ला उचलून नेला, की मुलांना नेमकं काय शिकवलं, ते सांगायला नको. चिल्लर त्यांच्यासमोर मोजायची, खर्च वजा करायचा, उरलेल्याचं काय करायचं ते संघनायकांना ठरवू द्यायचं. चुकीची बेरीज त्यांनाच पुन्हा करायला लावायची.

ज्यांना हे सगळं वाचूनही जावंसं वाटतंय, त्यांनी नुसत्या जुन्या ओळखीवर जाऊ नका. आपल्या शाळेत किंवा जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात चौकशी करा, रोव्हर-रेंजर म्हणून नोंदणी करा. पुढे पथक चालवायचं असेल तर स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टनसाठी बेसिकपासून हिमालय वूड बॅजपर्यंत प्रशिक्षणं आहेत. आणि पहिल्या बैठकीत सरांना तीन गोष्टी विचारा: आपल्यासोबत दुसरं मोठं माणूस कोण, रात्री गाडी कुणाची आणि पाणी कुठे आहे?