अर्धी डिस्क रिकामी का ठेवायची?

एका मेनफ्रेममध्ये वीस लिनक्स संगणक चालू आहेत असं समजा. एकालाही स्वतःचं वेगळं यंत्र नाही, सगळे आभासी. प्रत्येकाला ८ जीबी मेमरी दिल्याचं सांगितलेलं, म्हणजे एकूण १६० जीबी. यंत्रात खरी मेमरी मात्र ९६ जीबीच आहे. तरीही सगळ्यांचं काम सुरळीत चालतं, कारण वीसही जण एकाच क्षणी सगळी मेमरी वापरत नाहीत. हा मेळ आयबीएमचं झेड/व्हीएम हे सॉफ्टवेअर घालतं.

ही युक्ती साठ वर्षांहून जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्येच मेमरीत न मावणारा मजकूर फिरत्या चुंबकी ड्रमवर ठेवायला सुरुवात केली होती. त्याच दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या संशोधकांनी एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवून दाखवली. त्यातून घडलेलं व्हीएम/३७० कंपनीने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केलं. आजचं झेड/व्हीएम त्याच घराण्यातलं.

मेमरीचे ४,०९६ बाइटचे तुकडे करतात. त्यांना पेज म्हणतात. बराच वेळ ज्यांना कोणी हात लावला नाही अशी पेजं डिस्कवर जातात आणि लागली की परत येतात. या ये-जा करण्याला पेजिंग म्हणतात. रोजचे डबे ओट्यावर आणि दिवाळीची भांडी माळ्यावर ठेवतात, तसंच हे. प्रश्न एवढाच उरतो, की माळा केवढा बांधायचा?

पहिल्या नजरेला उत्तर सोपं वाटतं: १६० मधून ९६ वजा करा, ६४ जीबी डिस्क द्या. हा हिशेब फसवा आहे. २०१३ च्या ६.३ आवृत्तीपासून झेड/व्हीएम गरज पडण्याआधीच पेजं डिस्कवर लिहून ठेवतं. पेज मेमरीत असतानाच त्याने डिस्कवरही जागा अडवलेली असू शकते. म्हणून खरी मेमरी वजा न करणंच शहाणपणाचं. १६० मध्ये मेमरीतच उभारलेल्या आभासी डिस्क मिळवायच्या. त्या १० जीबीच्या धरल्या तर १७०. पेजं कुठे आहेत याच्या नोंदींसाठी आणखी एक टक्का, म्हणजे साधारण १७२. आणि मग त्याची दुप्पट: ३४४ जीबी.

या दुपटीपाशीच खर्च मंजूर करणारा माणूस अडतो, आणि त्याचं अडणं स्वाभाविक आहे. निम्मी डिस्क कायम रिकामी ठेवायची म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का?

लग्नाचं वऱ्हाड एसटीत चढतं तो प्रसंग आठवा. गाडी निम्मी रिकामी असली की आठ जण सलग बाकांवर बसतात, पटकन चढतात, पटकन उतरतात. गाडी भरत आली की जागा असतात, पण एक पुढे, दोन मागे, एक चाकावर. माणसं तेवढीच, वेळ मात्र कितीतरी जास्त. झेड/व्हीएम पेजं एकेक न लिहिता गठ्ठ्याने लिहितं आणि गठ्ठ्यानेच परत आणतं. त्यासाठी डिस्कवर सलग मोकळी जागा लागते. वापर ५० टक्क्यांपुढे गेला की अशी जागा मिळेनाशी होते, गठ्ठे फुटतात आणि वेग पडतो. रिकाम्या निम्म्या डिस्कने मिळतो तो हा वेग.

जागा किती, याइतकंच ती कशी विभागली हेही पाहावं लागतं. आयबीएमच्या ३३९० जातीच्या मॉडेल ९ डिस्कमध्ये सिलिंडर नावाचे १०,०१७ भाग असतात आणि एका सिलिंडरमध्ये १८० पेजं मावतात. म्हणजे एका डिस्कवर १८ लाखांच्या वर पेजं, सुमारे ६.९ जीबी. आपल्या ३४४ जीबीसाठी अशा ५० डिस्क लागतील. मोठ्या चार-पाच डिस्क घेतल्या तर काम आटोपशीर दिसतं, पण एका डिस्ककडे एका वेळी एकच काम सोपवता येत असेल तर सगळी पेजं चार-पाच दारांतच खोळंबतात. ६.४ आवृत्तीत पेजिंगसाठी आलेल्या, एका डिस्ककडे एकाच वेळी अनेक कामं सोपवू देणाऱ्या हायपरपॅव्हच्या सोयीने ही अडचण कमी झाली. तरी डिस्क एकाच मापाच्या असाव्यात, नाहीतर लहान डिस्क आधी भरतात आणि सगळा भार मोठ्यांवर येतो. पेजिंगच्या डिस्कवर दुसरा कोणताही साठा ठेवू नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

खरं तर डिस्क वाढवण्याआधी लिनक्सला दिलेली मेमरी तपासावी. लिनक्सला मोकळी मेमरी दिसली की तो ती फायलींच्या प्रतींनी भरतो. ४ जीबीत भागणाऱ्याला ८ दिले, तर तेही वापरात दिसतात आणि पेजिंगचं ओझं विनाकारण वाढतं.

हा हिशेब चुकला तर किंमत मोठी पडते. पेजिंगची जागा पूर्ण संपली की झेड/व्हीएम पीजीटी००४ हा संकेत देऊन कोसळतं. एकटा दोषी लिनक्स बंद पडत नाही, वीसही एकदम पडतात.

म्हणून ही व्यवस्था सांभाळणाऱ्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. ‘क्वेरी ॲलॉक पेज’ ही आज्ञा देऊन वापराचा टक्का रोज नोंदवावा. आणि एक-दोन डिस्क आधीच फॉरमॅट करून ठेवाव्यात, झेड/व्हीएमच्या डिस्कच्या यादीत त्यांची जागाही राखावी. जागा राखलेली असली की जादा डिस्क चालू यंत्राला जोडता येते, काहीही बंद करावं लागत नाही.