बर्फात कोणतं बी पेरावं?

अमेरिका-कॅनडातल्या हिवाळ्यात दुधाचा रिकामा, अर्धपारदर्शक कॅन मधोमध कापतात, तळाला भोकं पाडतात, ओली माती भरून बी पेरतात आणि पुन्हा चिकटवून अंगणात ठेवतात. झाकण मात्र काढलेलं, म्हणजे पाऊस-बर्फाचं पाणी आत जातं.

अशा पेरणीत पहिला मान मिल्कवीडचा. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या हिच्याच पानांवर वाढतात. तिच्या बियांना साधारण ३० दिवस ओली थंडी मिळाली, की त्या चांगल्या रुजतात. म्हणून जानेवारीतच पेरा. कोनफ्लॉवर, पॉपी, केल, पालकही चालतील. बियांच्या पाकिटावर ‘हार्डी’ (म्हणजे थंडी सोसणारं) छापलंय का, तेवढं बघा. टोमॅटो, झेंडू मार्चअखेरीपर्यंत थांबवा. भेंडी-वांग्याला ऊब लागते. ती घरातच रुजवा.