गॅझेटातला भाव, गिरणीतला तांदूळ

डिसेंबर २०२४ मध्ये श्रीलंका सरकारने गॅझेट काढून तांदळाचे कमाल भाव बांधून दिले. नाडू तांदूळ घाऊक २२५ रुपये किलो, किरकोळ २३०. सांबा २३५ आणि २४०. कीरी सांबा २५५ आणि २६०. रुपये अर्थातच तिथले. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन मिळतात. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याला किलोमागे पाच रुपये सुटणार, आणि हमाली, फाटकं पोतं, उंदीर, वीजबिल सगळं त्यातच भागवायचं. त्या दिवसांत बऱ्याच दुकानांतून नाडू गायब झाला होता. ज्यात काही सुटत नाही तो माल वाणी कशाला ठेवील?

नाडू आणि सांबा हे दोन्ही उकडे तांदूळ. नाडू जरा मोठ्या दाण्याचा, सांबा बुटका, गोलसर. कीरी सांबा त्याहून नाजूक आणि महाग. न उकडलेल्या तांदळाला केकुलु म्हणतात, तो पांढरा मिळतो तसा लालही मिळतो. सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला उकड्याची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: भात भिजवायचं, वाफवायचं, पुन्हा वाळवायचं आणि मग भरडायचं. त्यासाठी बॉयलर लागतो, वाळवणीचं यंत्र लागतं, गोदाम लागतं आणि मुख्य म्हणजे हंगामात रोख पैसा लागतो. श्रीलंकेच्या तांदळाचा भाव समजून घ्यायचा तर या चार गोष्टी कोणाकडे आहेत ते आधी पाहावं, गॅझेट नंतर.

हिशेब करून बघू. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने भाताचा हमीभाव जाहीर केला: नाडू १२० रुपये किलो, सांबा १२५, कीरी सांबा १३२. शंभर किलो भातातून साठ-पासष्ट किलो तांदूळ निघतो. म्हणजे एक किलो नाडू तांदळामागे नुसतं भातच १८५ ते २०० रुपयांचं. घाऊक कमाल भाव २२५. उरलेल्या पंचवीस-चाळीस रुपयांत वाहतूक, उकडणं, वाळवणं, भरडणं, कर्जावरचं व्याज आणि नफा. कोंडा विकून थोडे सुटतात, भुसा बॉयलरला जळणाला होतो. मोठ्या गिरणीला हे परवडतं, कारण तिने भात सुगीच्या गर्दीत हमीभावाच्याही खाली उचललेलं असतं. लहान गिरणीची मात्र यात दमछाक होते.

सुगी दोन. पावसाळा ईशान्येकडून येतो तेव्हाचा ‘महा’ हंगाम मोठा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चात कापणी. दुसरा ‘यल’, एप्रिल-मेपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंतचा. भाताचे मोठे पट्टे कोरड्या प्रदेशात आहेत: अनुराधपुर, पोलोन्नरुव, अंपारा. ही शेती तलावांवर आणि महावेली नदीच्या कालव्यांवर उभी आहे. पोलोन्नरुवचा पराक्रम समुद्र हा तलाव बाराव्या शतकातला, अजून पाणी देतो. त्याच पोलोन्नरुवमध्ये आज देशातल्या बड्या गिरण्या आहेत. त्यांतल्या ‘अरलिया’ या प्रसिद्ध नाममुद्रेचे मालक माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेन यांचे बंधू. वर्तमानपत्रं ‘गिरणी माफिया’ म्हणून मोकळी होतात. मला तो शब्द आळशी वाटतो. सरकारने वाळवणी आणि साठवण यांत पैसा घातला नाही, ज्यांनी घातला त्यांच्या हाती भाव गेला.

सरकारने प्रयत्नच केले नाहीत असं मात्र नाही. तांदळाने तिथे सरकारं हलवली आहेत. कोरियाच्या युद्धाच्या काळात तांदूळ महागला आणि मिळेनासा झाला, तेव्हा सिलोनने, म्हणजे त्या वेळच्या श्रीलंकेने, अमेरिकेची नाराजी पत्करून १९५२ च्या डिसेंबरात चीनशी करार केला: वर्षाला ५०,००० टन रबर द्यायचं, २,७०,००० टन तांदूळ घ्यायचा, पाच वर्षं. तरी तिजोरीला स्वस्त तांदळाचा शिधा झेपेना. १९५३ च्या जुलैत शिध्याच्या मापभर तांदळाचा भाव २५ सेंटवरून ७० सेंटवर नेला. १२ ऑगस्टला देशभर हरताळ पडला, गोळीबारात माणसं मेली, आणि मंत्रिमंडळाने बैठक घेतली ती कोलंबो बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर. पंतप्रधान डडली सेनानायक यांनी ऑक्टोबरात राजीनामा दिला.

पुढच्या कोणत्याही सरकारने तांदळाला हलक्या हाताने हात लावला नाही. १९७० ची निवडणूक सिरिमावो बंडारनायके यांनी शिध्याचं कापलेलं माप परत देण्याच्या वचनावर लढवली. त्यांच्याच काळात, १९७१ मध्ये, भात पणन मंडळ कायद्याने उभं राहिलं. खरेदी मंडळाची, गोदामं मंडळाची. टंचाईच्या वर्षांत तर तांदूळ एका भागातून दुसऱ्या भागात नेणाऱ्यांना पकडायला रस्त्यांवर नाके बसले. १९७७ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, शिध्याच्या जागी अन्नकुपनं आली, गिरण्या खासगी हातांत वाढल्या आणि मंडळाचा कारभार नव्वदच्या दशकात गुंडाळला गेला. पुढे राजपक्षे सरकारने त्याला परत उठवलं. पण गोदामं जुनी, पैसा अपुरा. २०१५-१६ च्या सुमारास साठवायला जागा नाही म्हणून मत्तला आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या माल-इमारतींत भात ठेवावं लागलं. विमानं तिथे फारशी उतरत नव्हतीच, निदान भात तरी उतरलं!

मंडळ एकूण पिकातला लहानसा वाटाच विकत घेतं, तोही मुख्यतः वाळवलेल्या भाताचा. ओलावा चौदा टक्क्यांच्या आत हवा. कापणीयंत्रातून निघालेलं भात त्याहून कितीतरी ओलं असतं. डोक्यावर कर्ज आणि अंगणात ओलं भात असलेला शेतकरी उन्हाची वाट पाहत नाही. दारात ट्रॉली घेऊन आलेल्या दलालाला देऊन मोकळा होतो.

२०२१ ने हे सगळं उघडं पाडलं. रासायनिक खतांची आयात सरकारने एका फटक्यात बंद केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कमाल भाव बांधले, गिरणीवाले बधले नाहीत, महिना संपताना सरकारनेच ते मागे घेतले. महा हंगामाचं पीक कोसळलं. २०२२ मध्ये भारताच्या कर्जातून तांदूळ गेला, तामिळनाडूने ४०,००० टन देऊ केले.

२०२४ अखेरच्या टंचाईत नव्या सरकारने खासगी आयात खुली केली. जानेवारीच्या १० तारखेपर्यंत सुमारे १,६७,००० टन तांदूळ आला, किलोला ६५ रुपये शुल्क भरून. देश वर्षाला चोवीस लाख टनांच्या आसपास खातो; त्यापुढे ही तूट फार नव्हे. पण माल मोजक्याच गोदामांत असला की थोडी तूटही भाव पेटवायला पुरते. मोठ्या देशात एका भागातली टंचाई दुसऱ्या भागातल्या मालाने झाकता येते. श्रीलंकेत दुसरा भाग म्हणजे समुद्रापलीकडचा, आणि मधे ६५ रुपयांचं शुल्क.

एवढं होऊनही हमीभाव जाहीर झाला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. अंपाऱ्यात कापणी त्याआधीच सुरू झाली होती. भाव बांधायचाच असेल तर सरकारने आधी पोलोन्नरुव आणि अंपाऱ्यात वाळवणीची यंत्रं बांधावीत. गॅझेट नंतर छापलं तरी चालेल.